राज्यपाल : निवडावा की नेमावा?

निवृत्त होण्यापूर्वी बाळापूर तालुक्यातील एका शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवीत असे. एके दिवशी फळ्यावर राज्याच्या कारभाराची आकृती काढली होती. वरती राज्यपाल, त्यांच्या खाली मुख्यमंत्री, मग मंत्रिमंडळ, मग विधानसभा आणि सर्वांच्या तळाशी मतदार. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाला, ‘‘गुर्जी, आमदाराले आपण मत देतो, खासदाराले देतो, ग्रामपंचायतीच्या मेंबरालेही देतो. मंग सगळ्याईच्या वर बसते त्या राज्यपालाले काऊन नाही देत?’’

मी उत्तर दिले, ‘‘घटनेत तसे लिहिले आहे म्हणून.’’ तास संपत आला होता. मुलगा खाली बसला. असे उत्तर देऊन मास्तर सुटतो, मुलाचे कोडे मात्र सुटत नाही. घरी जाताना मला त्याची चुटपुट लागली. पुढे सवडीने वाचन केले, तेव्हा आश्चर्याची गोष्ट ध्यानात आली. ज्या थोरांनी घटना लिहिली त्यांच्याही पुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. आणि त्यांचे पहिले उत्तर त्या मुलाच्या मनातल्या उत्तरासारखेच होते. राज्यपाल लोकांनी मत देऊन निवडावा, असे त्यांनी प्रथम ठरविले होते. मग ते का मोडले, आणि मोडले त्यात आपल्या वऱ्हाडाने काय मिळविले व काय गमावले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

परंतु दिल्लीच्या त्या सभागृहात शिरण्यापूर्वी आमच्या गावाच्या शिवारात क्षणभर थांबावयास हवे. प्रांताचा मुख्य अधिकारी कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न बाळापूरच्या भूमीला नवा नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आमचा विटांचा किल्ला उभा आहे. त्याचे काम अचलपूरचे नबाब इस्माईलखान यांच्या वेळी १७५७ मध्ये पुरे झाले. त्याच्याही अगोदरची गोष्ट मी सांगतो आहे. सन १७२० च्या ऑगस्ट महिन्यात, भर पावसाळ्यात, बाळापूरजवळ एक मोठी लढाई झाली. एका बाजूला होता आलमअलीखान, दिल्लीत बादशहा बसविणाऱ्या व उठविणाऱ्या सय्यद बंधूंचा पुतण्या. दक्षिणेची सुभेदारी सय्यद हुसेनअलीकडे होती आणि त्याचा नायब म्हणून हा तरुण कारभार पाहत होता. मराठ्यांची फौज त्याच्या मदतीला होती. दुसऱ्या बाजूला निजाम-उल-मुल्क. तो माळव्याचा सुभेदार; पण नर्मदा उतरून त्याने असीरगड व बऱ्हाणपूर घेतले होते आणि दक्षिणेवर आपला हक्क सांगितला होता. आलमअली त्या लढाईत मारला गेला. दक्षिणेचा सुभेदार कोण, या प्रश्नाचा निकाल आमच्या काळ्या मातीच्या चिखलात लागला.

चार वर्षांनी हाच खेळ पुन्हा झाला, तोही वऱ्हाडातच. या वेळी दिल्लीच्या बादशहाने मुबारिझखानाला दक्षिणेच्या सुभेदारीवर नेमले. नेमणूक रीतसर होती. परंतु निजामाने ती मानली नाही. १७२४ च्या ऑक्टोबरात आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याजवळ दोघांची गाठ पडली आणि मुबारिझखान रणात पडला. पुढे बादशहाने विजेत्यालाच सुभेदारी देऊन आसफजाह ही पदवी बहाल केली. म्हणजे आधी तलवारीने ठरले आणि मागाहून कागदाने होकार दिला. या दोन्ही प्रसंगी वऱ्हाडच्या रयतेचे शेत तुडवले गेले. तिला सुभेदार कोण हवा, हे मात्र कोणी विचारले नाही.

तलवारीचे दिवस सरले आणि कागदाचे आले. १८५३ मध्ये निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत सालीना पंचवीस लक्ष रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. एखाद्या शेताचा मक्ता व्हावा तसा साऱ्या मुलुखाचा मक्ता झाला. पुढे १९३६ च्या करारात वऱ्हाडावरील निजामाचे नावापुरते स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले. निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. मध्यप्रांत व वऱ्हाडचा गव्हर्नर नेमण्यापूर्वी निजामाला आपले मत मांडण्याची संधी द्यावी, असेही ठरले. श्रोतेहो, याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. आपल्या गव्हर्नराविषयी लंडनच्या राजाला विचार करता येत होता, हैदराबादच्या निजामाला मत देता येत होते. अकोल्याच्या वकिलाला वा बाळापूरच्या विणकराला मात्र त्यात काही म्हणण्याचा अधिकार नव्हता.

गव्हर्नर कोण आहे याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नागपूरने १९३८ मध्ये पाहिले. १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत व वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि डॉक्टर ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. मंत्रिमंडळात मराठी व हिंदी भागांच्या मंत्र्यांचे पटेना. १९३८ च्या जुलै महिन्यात डॉक्टर खरे यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर वऱ्हाडचे गोळे व रामराव देशमुख या दोन मंत्र्यांनीही राजीनामे दिले. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व मेहता या तिघांनी मात्र ते नाकारले. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले आणि डॉक्टर खरे यांनाच पुन्हा मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. काँग्रेसच्या श्रेष्ठींना हे रुचले नाही. काही दिवसांतच खरे यांना पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल मुख्य प्रधान झाले. त्या वादात न्याय कोणाच्या पक्षात होता, हा आजचा मुद्दा नव्हे. एरवी शोभेचा वाटणारा गव्हर्नर पेचप्रसंगी एका रात्रीत सरकार घडवू किंवा मोडू शकतो, हा धडा मात्र ज्यांनी तो प्रसंग पाहिला त्यांच्या मनावर कोरला गेला असला पाहिजे.

आता आपण घटना समितीकडे वळू. स्वातंत्र्य महिनाभरावर आले होते. १५ जुलै १९४७ रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांनी प्रांतिक घटनेविषयीच्या समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला. त्यात एक कलम होते, की प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर जनतेने थेट निवडावा. सभागृहाने ते मान्य केले. ज्यांनी आयुष्यभर परक्या गव्हर्नरांचे हुकूम सोसले, त्यांना आपला गव्हर्नर आपल्या मताचा असावा असे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

परंतु डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ च्या फेब्रुवारीत जो मसुदा सादर केला, त्यात या कलमापुढे शंकेचे चिन्ह उमटले होते. मसुद्यात दोन पर्याय समोरासमोर ठेवले होते. पहिला पर्याय थेट निवडणुकीचा. दुसरा असा, की विधिमंडळाच्या सभासदांनी चार नावे निवडून द्यावीत आणि त्यांपैकी एकाची राष्ट्रपतींनी नेमणूक करावी. हा दुसरा पर्याय आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

अखेर ३१ मे १९४९ रोजी निर्णय झाला तो तिसराच. ब्रजेश्वर प्रसाद या बिहारच्या सभासदांनी दुरुस्ती मांडली, की राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपतींनी आपल्या सहीशिक्क्याच्या आज्ञापत्राने करावी. सभागृहाने ती स्वीकारली. निवडणूकही गेली आणि चार नावांची यादीही गेली. आजच्या घटनेचे १५५ वे कलम ते हेच. त्याच्या पुढच्या कलमाने राज्यपालाची मुदत पाच वर्षांची ठरविली. पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच तो त्या जागी राहील, असे बंधनही घातले.

अवघ्या दोन वर्षांत एवढा पालट का झाला? त्याची कारणे त्या चर्चेत स्पष्ट आहेत आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत.

पहिले कारण आपल्या जुन्या म्हणीतच सांगता येईल : एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आपण संसदीय पद्धती पत्करली. तीत खरा कारभार विधानसभेला जबाबदार असलेल्या मुख्यमंत्र्याने करावयाचा. आता राज्यपालही साऱ्या प्रांताने निवडून दिला, तर तो म्हणेल, मुख्यमंत्री एका मतदारसंघातून आला आहे, मला तर सगळ्या प्रांताने कौल दिला आहे. मग मी त्याचे का ऐकावे? दोघांचे पक्ष निराळे असले म्हणजे भांडणाला तोटाच नाही. बाबासाहेबांनी दुसरी बाजू दाखविली. राज्यपालाचे अधिकार इतके मर्यादित, त्याचे स्थान इतके शोभेचे, की अशा पदासाठी निवडणुकीचा खटाटोप व खर्च करण्यास फारसे कोणी पुढे येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा मुद्दाही पोकळ नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदार होते. त्यांच्या हाती आणखी एक मतपत्रिका देणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने मतदान केंद्रावर काम केले आहे त्या प्रत्येक मास्तराला आहे.

दुसरे कारण त्या काळाचे होते. १९४७ आणि १९४९ यांमध्ये फाळणीचा रक्तपात झाला, महात्मा गांधींचा खून झाला, आणि १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत फौज पाठवावी लागली. हैदराबाद म्हणजे आम्हा वऱ्हाडकरांची शीवच. अशा समयी पंडित नेहरूंना भीती वाटली, की निवडून आलेला राज्यपाल प्रांताच्या अलगपणाला खतपाणी घालील. त्यापेक्षा बाहेरच्या प्रांतातला, पक्षाच्या भांडणापासून दूर असलेला, विद्या किंवा अन्य क्षेत्रात नाव मिळविलेला मनुष्य नेमणे बरे, असे त्यांचे मत होते.

या विचाराचे चांगले उदाहरण आपल्याच भागाने देशाला दिले. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे. १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. वऱ्हाडचा मनुष्य बिहारला गेला, तर मुंबई इलाख्यातले मंगलदास पक्वासा नागपूरला आमचे राज्यपाल म्हणून आले. परंतु बापूजींचे पुढचे चरित्र याहूनही बोधप्रद आहे. राज्यपालपद सोडल्यावर काही वर्षांनी वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर ते लोकांपुढे गेले आणि १९६२ मध्ये नागपुरातून काँग्रेसच्या विरोधात अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. पाटण्याच्या राजभवनात त्यांना आज्ञापत्राने बसविले होते. नागपुरातून त्यांना मतपेटीने पाठविले. एकाच पुरुषाच्या ठिकाणी दोन्ही रीती आपल्याला पाहावयास मिळतात. पहिल्या ठिकाणी ते राष्ट्रपतींच्या मर्जीने होते. दुसऱ्या ठिकाणी त्यांना कोणाच्या मर्जीची पर्वा करण्याचे कारण नव्हते, मतदारांखेरीज.

आता घटकाभर कल्पना करू, की १९४७ चा ठराव तसाच राहिला असता तर काय झाले असते. निवडून आलेले राज्यपाल कसे असतात हे पाहावयाचे तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तेथे प्रत्येक राज्याचा गव्हर्नर लोकच निवडतात. पण तेथे गव्हर्नर हाच कारभारी असतो, त्याच्याखाली मुख्यमंत्री नसतो. म्हणून तेथे दोन तलवारींचा प्रश्न उद्भवत नाही. डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन मोठ्या पक्षांची तेथे चलती आहे; तरी अधूनमधून अपक्ष बाजी मारतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तेथे १९९४ मध्ये अँगस किंग हे अपक्ष उमेदवार दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना हरवून गव्हर्नर झाले. त्यांना पडलेली मते होती सुमारे पस्तीस टक्के. चार वर्षांनी तेच मोठ्या बहुमताने पुन्हा निवडून आले. पुढे २०१० मध्ये त्याच राज्यात उलट झाले. रिपब्लिकन पक्षाचे लपाज सुमारे अडतीस टक्के मतांवर गव्हर्नर झाले आणि अपक्ष एलियट कटलर थोडक्या मतांनी मागे राहिले. तिरंगी लढतीत बहुसंख्य मतदारांनी ज्याला मत दिले नाही तोही गादीवर बसतो, ही खोट तेथे लोकांना एवढी टोचली, की २०१६ मध्ये त्यांनी पसंतीक्रमाने मत देण्याचा कायदा कौल घेऊन मंजूर केला.

पसंतीक्रमाचे मतदान आपल्याला परके नाही. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक त्याच रीतीने होते. राज्यपालाला आपण मत देत नसलो तरी राज्यपालाला नेमणाऱ्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपला अप्रत्यक्ष हात असतो, ही गोष्ट मी त्या मुलाला सांगावयास हवी होती. राष्ट्रपती निवडतात खासदार व आमदार. महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून १७५ धरले जाते. म्हणजे बाळापूरने निवडून दिलेल्या आमदाराच्या हातीही १७५ मतांचे वजन असते.

आणि त्या निवडणुकीत पक्ष व अपक्ष यांची खरी झुंज झालेली आहे. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. त्यांच्याविरुद्ध वराहगिरी वेंकटगिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. गिरी हे उत्तर प्रदेश, केरळ व म्हैसूर या तीन राज्यांचे राज्यपाल राहून चुकले होते. तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. त्यांच्या सरकारी सेवेचा आरंभ मध्यप्रांत व वऱ्हाडातच झाला होता. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी यांना ४,२०,०७७ आणि रेड्डी यांना ४,०५,४२७ मते झाली. देशातील सर्वांत मोठ्या पक्षाचा अधिकृत उमेदवार अपक्षापुढे हरला. अर्थात त्या पक्षातीलच मोठा गट आणि खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी त्या अपक्षाच्या पाठीशी होत्या, हे विसरून चालणार नाही. अपक्ष हा शब्द नेहमीच अक्षरशः घेता येत नाही. २००७ मध्येही असेच झाले. त्या वेळी प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या. त्या १९९१ पासून १९९६ पर्यंत अमरावतीच्या खासदार होत्या आणि नुकतेच राजस्थानचे राज्यपालपद सोडून आल्या होत्या. त्यांच्यासमोर उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत अपक्ष म्हणून उभे राहिले; पण त्यांना भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा होता. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतमूल्याने प्रतिभाताई निवडून आल्या.

तर मग, श्रोतेहो, आपण समाधान मानावे काय? राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात, राष्ट्रपतींना आपले आमदार निवडतात, आमदाराला आपण निवडतो. साखळी पूर्ण झाली. कागदावर ती पूर्ण दिसते. परंतु राष्ट्रपती ही नेमणूक केंद्रातील मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. साखळीची ती कडी आपल्या राज्याच्या हाती नाही. म्हणून केंद्रातले सरकार बदलले की राज्यपाल बदलतात, ही रीतच पडून गेली. पंडितजींना अभिप्रेत असलेला अलिप्त विद्वान कधी येतो. कधी राजकारणातून निवृत्तीची सोय म्हणून कोणी येतो. १९८८ मध्ये सरकारिया आयोगाने राज्यपाल राज्याबाहेरचा व नुकत्याच काळात सक्रिय राजकारणात नसलेला असावा, अशी शिफारस केली होती. शिफारस करावी लागली यातच सर्व आले.

आणि १९३८ च्या नागपूरसारखे पेच काही संपलेले नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी निर्णय दिला, की राज्यपालांपुढे तसे करण्यास पुरेसा आधार नव्हता. पण मुख्यमंत्र्यांनी मतदानास सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही. कोणत्याही पक्षाच्या चष्म्यातून पाहिले तरी एवढे मान्य करावे लागेल, की हे पद निव्वळ शोभेचे नाही.

आम्हा वऱ्हाडकरांपुरते तर ते कधीच शोभेचे नव्हते. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, तेव्हा घटनेच्या ३७१ व्या कलमात एक तरतूद करण्यात आली. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे नेमता यावीत आणि या भागांना विकासाच्या पैशाचा न्याय्य वाटा मिळतो की नाही हे पाहण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता यावी, असे तिचे स्वरूप आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विभागांमधील अनुशेष मोजून दाखविला. मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये. डॉक्टर अलेक्झांडर राज्यपाल असताना निधी कसा वाटावा याविषयी राज्यपालांचे निर्देश निघू लागले, आणि सिंचनाचा अनुशेष भरून काढण्याचा विषय त्यांत प्रमुख होता. २०२० च्या एप्रिलमध्ये या मंडळांची मुदत संपली. आमच्या तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा येतो. विहीर खणावी तो पाणी खारे; पिकाला द्यावे तर जमीन बिघडते आणि प्यावे तर पोट बिघडते. अशा गावांना धरणाच्या गोड्या पाण्याखेरीज तरणोपाय नाही; आणि त्या पाण्यासाठी लागणाऱ्या पैशाच्या न्याय्य वाटपाची राखण घटनेने ज्याच्याकडे सोपविली, तो राज्यपाल. माझ्या वर्गातला तो मुलगा याच पट्ट्यातून सायकलवर शाळेत येत असे आणि दप्तराबरोबर पाण्याची बाटली घरून भरून आणीत असे. त्याच्या प्रश्नाची किंमत त्याला नसेल कळली; मला कळावयास हवी होती.

बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता, की अधिकार नाही म्हणून निवडणूक नको. तो युक्तिवाद मला पटतो. मात्र त्याच तर्काने जेथे अधिकार आहे तेथे काहीतरी उत्तरदायित्वही असले पाहिजे. निवडणूक हा त्याचा उपाय आहे असे मला वाटत नाही. राज्यपालाची निवडणूक लागली असती तर तीच पोस्टरे, तेच पक्ष, तेच पक्षाच्या आशीर्वादाने उभे राहिलेले अपक्ष, आणि निवडून आलेल्या राज्यपालाची निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याशी नित्याची कुरबूर हेच आपल्या वाट्याला आले असते. दोन सुभेदारांच्या झगड्यात शेत कोणाचे तुडवले जाते, हे बाळापूरने एकदा पाहिले आहे. परंतु निवडणूक टाळताना घटना समितीने तो मधला पर्यायही टाकून दिला, याची मात्र खंत वाटते. विधिमंडळाने चार नावे सुचवावीत आणि राष्ट्रपतींनी त्यांतून एक घ्यावे, एवढीच ती योजना. तीत मुख्यमंत्र्याला प्रतिस्पर्धी निर्माण होत नव्हता, देशाच्या एकीला धक्का लागत नव्हता, सतरा कोटी मतपत्रिकाही छापाव्या लागत नव्हत्या. राज्याच्या मताला दारात उभे राहण्यापुरती जागा मात्र मिळत होती. निजामालाही मत मांडण्याची जी संधी १९३६ मध्ये मिळाली, ती १९४९ नंतर विधानसभेला मिळू नये, हे काही केल्या मनाला पटत नाही.

घटना बदलता येते. शंभरावर दुरुस्त्या आजवर झालेल्या आहेत. ही दुरुस्ती होईल की नाही, हे माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराने सांगण्याचे काम नव्हे. मास्तराचे काम एवढेच, की विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. ते मी त्या दिवशी दिले नाही, आज देतो.

बाळ, राज्यपालाला आपण मत देत नाही, कारण राज्याचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याला आपण मत देतोच, आणि एका घरात दोन कारभारी नसावेत. तुझ्यासारखाच प्रश्न मोठ्या माणसांनीही विचारला होता. त्यांनी आधी होय म्हटले, मग नाही म्हटले. दोन्ही वेळा त्यांच्याजवळ कारणे होती. पण राज्यपाल आपल्या गावच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. म्हणून त्याला मत देता आले नाही तरी त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क तुला आहे, आणि तो विचारण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. तू वर्गात उभा राहून विचारलेस तसाच.